आकाशकंदिलातील त्रिकोणाचे बळ

सुरतेच्या पर्वत पाटिया परिसरातील मराठी घर असो वा गोव्यातील, दिवाळीचा आकाशकंदील मुलांसाठी स्थापत्य अभियांत्रिकीचा पहिला धडा ठरू शकतो. बांबूच्या चार कामट्यांचा चौकोन दोऱ्याने बांधून मुलांना आधी तो हलवून पाहू द्यावा, चौकट कलते. एक कर्णकाडी जोडताच दोन त्रिकोण तयार होतात आणि ती स्थिरावते. कारण बाजूंची लांबी न बदलता त्रिकोणाचा आकार बदलत नाही. घनाकृती कंदिलासाठी कडांच्या १२ आणि प्रत्येक पृष्ठावर एक याप्रमाणे कर्णाच्या ६, अशा १८ काड्या पुरतात. विकतच्या कंदिलाने अंगण उजळते. मात्र चौकट का कलली, हे स्वतः शोधण्याची मुलांची संधी हुकते.