शहर गेले, नकाशा उरला

नकाशा हा शब्द उच्चारला की शाळेच्या भिंतीवर टांगलेला रंगीत तक्ता आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. वरच्या बाजूस उत्तर दिशा, कोपऱ्यात प्रमाण, खाली खुणांची सूची. या तीन गोष्टी नसतील तर त्या कागदाला आम्ही शिक्षक नकाशा म्हणावयास तयार होत नाही. परंतु चारशे वर्षांपूर्वी युरोपात छापल्या गेलेल्या नगरांच्या नकाशांना ही कसोटी लावली तर त्यांतील बहुतेक सगळे नापास होतील. दक्षिण इटलीच्या किनाऱ्यावरील नेपल्स, सिसिली बेटावरील मेसिना व कतानिया, सार्डिनिया बेटावरील काल्यारी या बंदरांचे जुने नकाशे पाहा. उत्तर दिशा वाटेल त्या बाजूस असते, घरे मोजून काढलेली नसतात, किल्ला असावा त्याहून मोठा दिसतो, आणि पुष्कळदा चित्राच्या पुढच्या भागात घरांहूनही उंच असे स्त्रीपुरुष उभे असतात. असे असूनही या नकाशांवाचून त्या शहरांचा इतिहास पुरा होत नाही. जो साक्षीदार पदोपदी चुकतो त्याच्या साक्षीला एवढे मोल का, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या प्रकारच्या नकाशांचा सर्वांत प्रसिद्ध संग्रह जर्मनीतील कोलोन येथे निघाला. गेओर्ग ब्राउन हा तेथील धर्मोपदेशक त्याचा संपादक होता व फ्रान्स होगेनबर्ग हा त्याचा मुख्य कोरक्या. लॅटिन भाषेत त्यांनी ग्रंथाला जे नाव दिले त्याचा अर्थ ‘पृथ्वीवरील नगरे’ असा होतो. पहिला खंड १५७२ साली व सहावा १६१७ साली प्रसिद्ध झाला आणि पंचेचाळीस वर्षांच्या या उद्योगात साडेपाचशेच्या आसपास नगरचित्रे छापली गेली. पुढे १६६३ साली आम्सटरडॅमच्या योआन ब्लाऊ याने खास इटलीच्या नगरांचे ग्रंथ काढले व त्यांतील एक खंड नेपल्स आणि सिसिली या राज्यांना दिला. नेपल्सच्या राज्यातील लहानमोठ्या गावांची चित्रे पाचिकेल्ली नावाच्या धर्मगुरूच्या ग्रंथात आहेत. तो त्याच्या मृत्यूनंतर, १७०३ साली, तीन खंडांत प्रसिद्ध झाला.

ही चित्रे छापण्याची रीत समजून घेतली म्हणजे त्यांच्या कित्येक दोषांचा उलगडा होतो. कारागीर गुळगुळीत तांब्याच्या पत्र्यावर अणकुचीदार लेखणीने चित्र उलटे कोरीत असे. त्या रेघांत शाई भरावयाची, वरची शाई पुसून टाकावयाची, ओलसर केलेला कागद पत्र्यावर ठेवावयाचा आणि दोन रुळांच्या दाबातून तो काढावयाचा. रंग मागाहून हाताने भरले जात. एक पत्रा कोरण्यास फार कष्ट व खर्च पडे. म्हणून एकदा तयार झालेला पत्रा छापखानदार सहसा टाकून देत नसे. ब्राउन व होगेनबर्ग यांचे पत्रे पुढे आम्सटरडॅमच्या यान्सोनियस या प्रकाशकाच्या हाती गेले आणि १६५७ साली त्याने त्यांवरून पुन्हा नकाशे छापले. तेव्हा ग्रंथावर छापलेले साल हे शहराच्या त्या रूपाचे साल असेलच असे नाही. कोरीव रेघ तीच राहते, शहर मात्र बदलत जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे बहुतेक बंदरे समुद्राकडून पाहिल्यासारखी काढलेली असतात. प्रवासी गलबतातून येत, त्यामुळे शहराचे पहिले दर्शन त्यांना तेथूनच घडे. आणि समुद्रातूनच संकटही येत असे. इटलीच्या टाचेवर वसलेले ओत्रांतो हे गाव १४८० साली तुर्कांच्या आरमाराने जिंकले व तेथे मोठी कत्तल झाली. ती आठवण दक्षिण किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या जिवंत होती. चित्रकाराने तट, बुरूज आणि बंदराच्या तोंडावरील किल्ला मोठा करून दाखविला, तो निव्वळ अडाणीपणाने नव्हे. ज्याच्या आधाराने शहर रात्री निर्धास्त झोपत होते तेच त्याने ठळक केले.

चित्राच्या पुढील भागात माणसे का काढली, याचे कारण ब्राउनने आपल्या प्रस्तावनेत दिले आहे. पोशाखावरून त्या नगराच्या रहिवाशांची ओळख पटावी हा एक हेतू होताच. शिवाय तुर्कांच्या धर्मात सजीवांच्या आकृती वर्ज्य असल्याने ते या चित्रांकडे पाहणार नाहीत व शहरांची माहिती शत्रूच्या कामी येणार नाही, अशी त्याची समजूत होती. ही समजूत किती भाबडी होती पाहा! तुर्की नाविक पिरी रईस याने भूमध्यसमुद्रातील बंदरांचा आपला ग्रंथ १५२१ सालीच सिद्ध केला होता. सिसिली व दक्षिण इटलीचे किनारे, नांगर टाकण्याच्या जागा, गोड्या पाण्याची ठिकाणे, सर्व त्यात होते.

पहिल्या खंडातील एकाच पानावर चार बेटांवरील नगरे आहेत: सार्डिनियातील काल्यारी, माल्टा, ऱ्होड्स आणि सायप्रसमधील फामागुस्ता. त्या वेळचा वाचक हे पान कोणत्या मनाने पाहत असेल? ऱ्होड्स १५२२ साली तुर्कांच्या हाती गेले होते. माल्टाने १५६५ सालच्या वेढ्यात निकराने टिकाव धरला होता. व्हेनिसच्या ताब्यातील फामागुस्ता तर ग्रंथ निघण्यापूर्वी एक वर्ष, १५७१ च्या ऑगस्ट महिन्यात पडले. म्हणजे त्या पानावरील एक शहर जुन्या पिढीने गमावलेले, एक वाचलेले व एक कालपरवा हातचे गेलेले असे होते.

चौथ्या शहराची, काल्यारीची, कथा निराळी आहे. त्याच्या चित्राला आधार होता तो सिजिस्मोंदो आर्केर याच्या आराखड्याचा. हा तरुण कायदेपंडित काल्यारीचाच राहणारा. बाझेल येथील सेबास्टियन म्यून्स्टर याच्या जगप्रसिद्ध भूगोलग्रंथात १५५० साली त्याने सार्डिनियाचे एक छोटेसे वर्णन लिहिले व सोबत आपल्या गावाचे चित्र दिले. मध्ये टेकडीवरची जुनी तटबंद वस्ती आणि तिच्या भोवती उतारावर पसरलेल्या तीन पेठा, अशी गावाची ठेवण त्यात स्पष्ट दिसते. परंतु त्याच लेखात तेथील धर्मगुरूंच्या अज्ञानावर त्याने टीका केली होती आणि म्यून्स्टर हा प्रॉटेस्टंट होता. आर्केरवर पाखंडीपणाचा आरोप आला, १५६३ साली त्याला अटक झाली आणि १५७१ साली स्पेनमधील टोलेडो येथे त्याला जाळून मारण्यात आले. दुसऱ्याच वर्षी त्याच्या आराखड्यावरून घेतलेले काल्यारीचे चित्र कोलोनच्या ग्रंथात छापले गेले. ख्रिस्ती इतिहासातील हे दुःखद पान झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्या तरुणाने आपले गाव प्रेमाने कागदावर उतरविले तो गेला. त्याचे गाव मात्र त्याच्या रेघांतून युरोपभर पोहोचले.

आता कतानियाकडे वळू. एटना या ज्वालामुखीच्या पायथ्याशी समुद्राला लागून असलेल्या या शहराचे चित्र पाचव्या खंडात, १५९८ साली आले. शीर्षकात हे नगर संत आगाथा या हुतात्मा कुमारिकेची जन्मभूमी असल्याचे अभिमानाने सांगितले आहे. पुढे अवघ्या शतकात या शहरावर दोन अरिष्टे कोसळली. १६६९ च्या मार्च महिन्यात एटनाच्या उतारावर भूमी फाटली व लाव्हारसाचा लोट गावे गिळीत पुढे सरकला. काही धाडसी कतानियावासीयांनी ओल्या कातड्यांत अंग गुंडाळून त्या लोटाचा काठ फोडण्याचा प्रयत्न केला. रस आता आपल्याकडे वळणार या भीतीने पातेर्नो गावच्या लोकांनी त्यांना हुसकून लावले. अखेरीस लाव्हा तटाशी येऊन भिडला, शहराच्या पश्चिम भागात शिरला आणि समुद्रात जाऊन थिजला. तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने समुद्राकाठी बांधलेल्या उर्सिनो किल्ल्याला त्याने वेढा घातला व खंदक भरून टाकला. किल्ला जागचा हलला नाही. समुद्रच त्याच्यापासून दूर गेला. आज किल्ला शहरात आहे आणि लाटांचा आवाज तेथे येत नाही. त्यानंतर १६९३ च्या जानेवारीतील भूकंपाने उरलेले शहर जमीनदोस्त केले. पूर्व सिसिलीत त्या वेळी सुमारे साठ हजार माणसे दगावली असे मानतात. नवे कतानिया रुंद व सरळ रस्त्यांचे बांधले गेले. जुने कसे होते हे पाहावयाचे तर त्या आधीच्या नकाशांकडेच जावे लागते.

मेसिनाचीही अशीच कथा. तेथील बंदर विळ्याच्या पात्यासारखे वळलेले आहे. ग्रीकांनी या गावाला दिलेल्या ‘झांक्ले’ या नावाचा अर्थच विळा असा आहे. १५७१ साली लेपांतोच्या लढाईपूर्वी ख्रिस्ती राष्ट्रांचे संयुक्त आरमार याच बंदरात जमले होते. १७८३ च्या भूकंपाने हे शहर हादरले आणि २८ डिसेंबर १९०८ च्या पहाटे अर्ध्या मिनिटाहून थोड्याच अधिक वेळात ते जवळजवळ संपूर्ण कोसळले. मागोमाग समुद्राच्या प्रचंड लाटा आल्या. बंदराचा विळा जुन्या नकाशात आहे तसाच आजही आहे. परंतु त्याच्या काठावरची बहुतेक जुनी घरे आज केवळ नकाशात उभी आहेत.

मग या नकाशांवर विश्वास किती ठेवावयाचा? याचे उत्तर प्रत्येक कागदाला वेगवेगळे विचारावे लागते. चित्रकाराने ते ठिकाण पाहिले होते काय, हा पहिला प्रश्न. अँटवर्पचा चित्रकार योरिस हूफनागेल १५७७-७८ च्या सुमारास भूगोलकार ऑर्टेलियसबरोबर इटलीत हिंडला. नेपल्सजवळील गंधकाच्या धुराने भरलेला पोत्झुओलीचा परिसर त्याने स्वतः पाहून काढला; काही चित्रांत तर त्याने स्वतःला व आपल्या मित्राला प्रवासी म्हणून उभे केले आहे. अशा चित्राची साक्ष वजनदार ठरते. दुसऱ्याच्या चित्रावरून घरबसल्या कोरलेल्या पत्र्याला तेवढे वजन देता येत नाही.

गोमंतकातील श्रोत्यांना हा फरक घरच्या उदाहरणावरून समजेल. ज्या पहिल्या खंडात काल्यारी आहे त्याच खंडात एका पानावर मोरोक्कोतील दोन बंदरांशेजारी दीव आणि गोवा ही नगरे आहेत. ब्राउन किंवा होगेनबर्ग यांनी गोवा कधी पाहिला नव्हता. उलट १५९६ साली आम्सटरडॅमला प्रसिद्ध झालेला लिन्सखोटेन याचा गोव्याचा आराखडा घ्या. हा डच गृहस्थ आर्चबिशपांच्या पदरी काही वर्षे गोव्यातच राहिला होता; रस्ते, बाजार व चर्चे त्याच्या रोजच्या पाहण्यातली होती. दोन्ही कागद जुने आहेत, दोन्ही सुंदर आहेत. परंतु ओसाड पडलेल्या जुन्या गोव्यातील एखादी गल्ली शोधावयाची झाली तर आपण लिन्सखोटेनलाच विचारू.

दुसरा प्रश्न, नकाशा कोणासाठी काढला? १५६६ साली रोममध्ये लाफ्रेरीने छापलेल्या नेपल्सच्या नकाशाच्या शीर्षकातच त्या नगराची थोरवी व सौंदर्य यांचा गौरव आहे. म्हणजे शहराची कीर्ती वाढविणे हा त्याचा उघड हेतू. याउलट नोयाचा ड्यूक जोव्हान्नी काराफा याने १७५० साली त्याच नेपल्सची पद्धतशीर मोजणी सुरू केली. त्या मोजणीचा पस्तीस पत्रकांचा नकाशा १७७५ साली प्रसिद्ध झाला. येथून पुढे आमच्या शाळेच्या कसोटीला उतरणारा नकाशा सुरू होतो. मात्र समोर उभे असलेले ते स्त्रीपुरुष आणि बंदरात शिरणारी गलबते त्यातून हळूहळू नाहीशी होतात.

शेवटी एक खेदाची गोष्ट सांगितली पाहिजे. या जुन्या ग्रंथांच्या कित्येक प्रती विक्रेत्यांनी उसवल्या, पाने सुटी केली व दिवाणखान्यात लावण्यासाठी एकेक करून विकली. ब्राउनच्या ग्रंथात प्रत्येक नकाशाच्या मागील बाजूस त्या शहराचे वर्णन छापलेले असे. त्या मजकुराच्या भाषेवरून आणि ठेवणीवरून आवृत्ती ओळखता येते व नकाशाचे वय ठरविता येते. चौकटीत बसविलेल्या चित्राची ती बाजू भिंतीकडे जाते आणि साक्षीदाराची अर्धी जबानी बुजते. सुदैवाने अनेक मोठ्या ग्रंथालयांनी आता या ग्रंथांच्या अखंड प्रतींची सर्व पाने संगणकावर कोणालाही पाहता येतील अशी ठेवली आहेत. तेथे कतानियाचे पान जरूर उघडावे. चित्रातील तट, समुद्र आणि पर्वत मनात ठेवावेत व मग त्या शहराचा आजचा नकाशा शेजारी मांडावा. लाव्हाने मागे रेटलेला समुद्र आणि भूकंपानंतर आखलेले सरळ रस्ते आपोआप नजरेत भरतील, आणि चुकांनी भरलेला तो जुना कागद लोकांनी इतकी वर्षे का जपला हे वेगळे सांगावे लागणार नाही.