पंचनामा झाला, विचारपूस राहिली

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात एखाद्या शेतकऱ्याने आत्महत्या केली की त्याच्या घरी माणसांची रीघ लागते. पोलीस पाटील येतो, जमादार येतो, तलाठी येतो, मग पुढारी येतात. प्रश्न सुरू होतात. कर्ज किती होते? कोणत्या बँकेचे? वसुलीची नोटीस आली होती काय? सातबारा कोणाच्या नावे आहे? दारू पीत होता काय? घरात भांडण झाले होते काय? ज्या बाईचा नवरा गेला ती डोक्यावर पदर घेऊन या साऱ्यांची उत्तरे देते. पंचनामा होतो, जबाब होतो, अहवाल तहसीलला जातो. पण "बाई, तुला कसं वाटतंय? तो माणूस कसा होता?" हे मात्र कोणीच विचारत नाही.

वकिलीच्या निमित्ताने आम्ही अशी कागदपत्रे वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. त्या कागदांत माणसाचे वय असते, गट नंबर असतो, थकबाकीचा आकडा असतो. तो भजन चांगला म्हणत होता, की लेकीला सायकलवर बसवून शाळेत सोडत होता, हे त्यात कोठेही नसते. कागदात ते असावे अशी आमची मागणी नाही. कागदाचे काम कागद करतो. आमचा सवाल समाजाला आहे. मरणाबद्दल बोलायचे काम आपण सरकारी कागदावर सोपवून मोकळे झालो आहोत काय?

पात्र मरण, अपात्र मरण

विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी केंद्र सरकारने २००६ साली खास पॅकेज दिले, त्यांत बुलडाणा होता. त्याच वर्षीच्या राज्य शासनाच्या निर्णयाप्रमाणे आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत ठरली. त्यातील ३० हजार तातडीने आणि ७० हजार बँकेत ठेव. मात्र त्यासाठी मरण 'पात्र' ठरावे लागते. नापिकी, कर्जबाजारीपणा आणि परतफेडीचा तगादा ही कारणे कागदोपत्री सिद्ध व्हावी लागतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती बसते आणि प्रकरण पात्र की अपात्र हे ठरविते.

याचा परिणाम काय होतो ते पाहा. बाईला रडायला उसंत मिळण्याआधी बँकेचा दाखला आणावा लागतो. नातेवाइकाकडून हातउसने घेतलेले पैसे कर्जात धरले जात नाहीत. त्यात 'अपात्र' असा शिक्का बसला की गाव त्याचा अर्थ आपल्या परीने लावते. "म्हणजे कारण दुसरंच असणार!" मेलेल्या माणसावर पुन्हा एक आरोप आणि जगणाऱ्या बाईवर दुसरा.

ज्याच्याकडे सातबाराच नाही त्याचे काय? आमच्या समाजातील फार मोठा वर्ग भूमिहीन आहे. कोणी गायरान वाहतो, कोणी बटईने करतो, बहुतेक जण दुसऱ्याच्या कापसात आणि सोयाबीनमध्ये मजुरी करतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० लोकांनी आत्महत्या केल्या. त्यांत शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. म्हणजे मजूर जास्त! या ११,२९० पैकी ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातील, देशात सर्वाधिक. तरीही चर्चा होते ती 'शेतकरी आत्महत्ये'ची. ज्याच्या कुटुंबाच्या नावे जमीन नाही तो मजूर या मदतीत बसत नाही. त्याच्या दारी पुढारी येत नाही, वार्ताहर येत नाही. त्याचा पंचनामा होतो आणि विषय संपतो. जातीने ज्याला जमीन नाकारली, त्याच्या मरणालाही व्यवस्थेने नाव नाकारले आहे.

कायद्याची भीती गेली, लाजेची राहिली

आपल्या लोकांनी या विषयावर तोंड मिटून घेतले त्यास एक कारण कायदाही होता. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. ज्या घरात एखादा वाचला त्या घराला दवाखान्याआधी पोलिसांची धास्ती वाटे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे आणि त्याला शिक्षा करू नये, अशी तरतूद केली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि त्यात कलम ३०९ सारखे सरसकट कलम राहिले नाही. सरकारी नोकरास कर्तव्यापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा आजही गुन्हा आहे.

म्हणजे कायदा बदलला. घरातली भाषा बदलली काय? आजही घरचे सांगतात, "अटॅक आला." लेकरांना सांगतात, "बाबा गावाला गेले." ते लेकरू शाळेत दुसऱ्याच्या तोंडून खरे ऐकते आणि घरी येऊन गप्प बसते, कारण या विषयावर बोलायचे नसते हे त्याला उमगलेले असते. आईला वाटते त्याला काही कळत नाही. त्याला वाटते आईला विचारले तर ती रडेल. एकाच खोलीत दोघे एकमेकांपासून दुःख लपवितात.

येथे बाबासाहेबांची आठवण होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या परिचयातच त्यांनी, सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून गृहत्याग केला ही कथा नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत प्रेत पाहिलेच नव्हते हे बुद्धीला पटत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. मरण ही रोजची गोष्ट आहे, ते कोणापासून दडविता येत नाही, हे त्यात आलेच. मग शुद्धोदनाच्या महालाची ती भिंत आपण आपल्या लेकरांभोवती कशासाठी बांधायची?

चोवीस चिता

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे नागपूरहून पुण्याला निघालेली खाजगी बस उलटून पेटली. पंचवीस माणसे गेली. देह ओळखण्यापलीकडचे होते. दुसऱ्या दिवशी बुलडाण्यात चोवीस जणांवर एकत्र अंत्यसंस्कार झाले; मुस्लिम समाजातील एका मुलीचा दफनविधी वेगळा झाला. आपले माणूस कोणत्या चितेवर आहे हे ठाऊक नसताना नातेवाइकांनी निरोप दिला. त्या दिवशी जात, गाव, पैसा यांतले काहीच मध्ये आले नाही.

त्यानंतर रस्त्याबद्दल बोलणे झाले, टायरबद्दल झाले, चालकाबद्दल झाले, मदतीच्या रकमेबद्दल झाले. ते व्हायलाच हवे होते. पण चेहरा न पाहता निरोप द्यावा लागला की मन ते मरण मानायला तयार होत नाही. कोरोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, हेच हजारो घरांत घडले. दवाखान्यातून परस्पर माणूस गेला, सांत्वनाला कोणी आले नाही. ती घरे अजून त्याच दिवसात उभी आहेत. त्यांच्याशी आपण बोललो काय?

श्राद्ध गेले, मग काय आले?

धर्मांतराच्या वेळी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. आपण ती पाळली आणि ते योग्यच केले. मेलेल्याच्या नावाने जिवंतांना लुटणारी ती व्यवस्था होती. आज आपल्याकडे त्रिशरण-पंचशील होते, जलदान विधी होतो, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. पण या कार्यक्रमाचे स्वरूप काय झाले आहे? मंडप, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांचा परिचय आणि मग भाषणे. बोलणारा पुढाऱ्याचे नाव चार वेळा घेतो, गेलेल्या माणसाचे एकदा. ज्या बाईचे सर्वस्व गेले ती मागे भिंतीला टेकून बसलेली असते. शेवटी कोणी तरी उठून सांगतो, "सर्व अनित्य आहे, धीर धरा." अनित्यता हे बुद्धाचे सत्य आहे, रडणाऱ्याचे तोंड बंद करण्याचे साधन नव्हे!

किसा गोतमीची कथा आपण शंभरदा ऐकतो. मेलेले मूल कडेवर घेऊन ती आली तेव्हा बुद्धांनी तिला उपदेश केला नाही. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरून मोहरी आणायला सांगितले. ती दारोदार गेली. प्रत्येक दारी कोणी ना कोणी आपल्या मेलेल्या माणसाची गोष्ट तिला सांगितली असणार. ती शहाणी झाली ती त्या बोलण्याने. कुसिनारा येथे बुद्धांचा अंतकाळ जवळ आला तेव्हा आनंद दाराआड उभा राहून रडत होता. बुद्धांनी त्याला बोलावून घेतले, समजावले आणि सर्वांदेखत त्याची स्तुती केली.

बाबासाहेबांनीही दुःख झाकले नाही. तीन मुलगे आणि एक मुलगी, अशी चार लेकरे त्यांनी गमावली. १९२६ साली राजरत्न गेल्यावर दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात, या धक्क्यातून आपण सावरलो आहोत असे ढोंग करण्यात अर्थ नाही, अशी कबुली त्यांनी दिली. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. पुढे 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा राजकारणावरचा ग्रंथ त्यांनी आपल्या रामूच्या स्मृतीस अर्पण केला. पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, महाडचा सत्याग्रह करणारा हा पुरुष मित्राला पत्र लिहून मन मोकळे करतो, आणि आपण आपल्या तरुणांना शिकवितो की पुरुषाने रडायचे नसते!

जिजाऊंचा जिल्हा

सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मगाव. १६६४ साली शहाजीराजे गेले. त्यानंतर जिजाऊ दहा वर्षे जगल्या, राज्याचा भार वाहिला आणि १६७४ साली राज्याभिषेक पाहून मगच गेल्या. त्याच जिजाऊंच्या जिल्ह्यात नवरा मेलेल्या बाईच्या बांगड्या फोडायच्या आणि तिला हळदी-कुंकवाला दाराबाहेर ठेवायचे? कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. आपल्या बौद्ध वस्त्यांतही या प्रथा मागच्या दाराने शिरल्या आहेत. त्या घालवायला ठरावाची वाट का पाहायची?

मग करायचे काय? आमच्या मते कामे साधी आहेत. आषाढी ते आश्विन पौर्णिमा या वर्षावासात आपल्या विहारांत ग्रंथवाचन होते. पेरणी, दुबार पेरणी, उसनवारी यांचा ताण शेतकऱ्यावर असतो तोही याच काळात. त्यातील आठवड्याची एक सायंकाळ ज्यांच्या घरी मरण झाले त्यांच्यासाठी ठेवावी. भाषण नको, हार नको. ज्याला बोलायचे त्याने बोलावे, इतरांनी ऐकावे. पुण्यानुमोदनात पहिला शब्द घरच्यांचा असावा. कार्यक्रम झाल्यावर महिना, तीन महिने, वर्ष झाले की कोणी तरी त्या घरी जाऊन बसावे. गर्दी ओसरते तेव्हाच खरे एकटेपण सुरू होते. मन फारच खचले असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे. तो विहाराच्या भिंतीवर रंगवावा.

जिवंतपणीही मरणाबद्दल बोलावे. बौद्धांना वारसाहक्काबाबत १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर पुरुषाच्या स्वतःच्या मिळकतीत बायको, मुलगे, मुली आणि आई यांचा सारखा हिस्सा असतो. दोन साक्षीदारांसमोर सही केलेले मृत्युपत्र साध्या कागदावरही चालते, नोंदणी सक्तीची नाही. कर्ज कोणाचे, ठेव कोठे, विमा कसला, हे बायकोला नवऱ्याच्या मरणानंतर बँकेच्या खिडकीवर कळावे, यासारखा अन्याय नाही. "असं अभद्र बोलू नये" म्हणणारे घर शेवटी त्या बाईलाच कोर्टाची पायरी चढायला लावते.

पंचनामा करणारे त्यांचे काम करून जातील. मोहरी मागायला आजची किसा गोतमी आपल्या दारी आली, तर तिला आत बसवून आपल्या घरातल्या मेलेल्या माणसाची गोष्ट सांगायची आपली तयारी आहे काय, एवढे प्रत्येक घराने ठरवावे.