मीटरवरचे तास आणि यंत्राचे वय

पुण्याहून साताऱ्याकडे निघालो की नीरेचा पूल ओलांडताच शिरवळ येते. नदीकाठी काळी चिकट माती, मधल्या माळावर मुरूम आणि दक्षिणेला खंबाटकी घाटाचा काळा कातळ. औद्योगिक वसाहतीतले प्लॉट सपाट करणे, महामार्ग रुंद करणे, घाटाखालून तीन-तीन पदरी जुळे बोगदे खोदणे, अशी मोठी कामे या पट्ट्यात निघाली. अवघ्या काही मैलांत जमीन तीनदा बदलते. म्हणूनच एखादे यंत्र किती टिकते आणि का टिकते, हे समजून घ्यायला ही जागा फार सोयीची आहे.

समजा, इथे रस्त्याकडेला दोन पोकलेन विकायला उभी आहेत. वजन एकच, कंपनी एकच, रंगही एकाच वर्षी दिलेला. दोन्हींच्या मीटरवर आठ हजार तास. दोघांची किंमत सारखी द्यावी का?

वर्षे नव्हे, तास

मोटारीचे वय किलोमीटरमध्ये मोजतात, या यंत्रांचे तासांत. दिवसाला आठ तास आणि वर्षात अडीचशे दिवस काम धरले, तर वर्षाला दोन हजार तास होतात. म्हणजे आपले आठ हजार तासांचे यंत्र साधारण चार वर्षे राबलेले आहे. दोन पाळ्यांत चालले असेल, तर दोनच वर्षे.

हा मीटर इंजिन सुरू असले की पुढे सरकतो. डंपरची वाट पाहत यंत्र नुसते घुरघुरत उभे असले, तरी तास पडतोच. उलट कातळावर ब्रेकर (दगड फोडणारा यांत्रिक हातोडा) लावून केलेला जीवघेणा तासही त्यावर एकच तास म्हणून नोंदला जातो. मीटर काम किती वेळ चालले ते सांगतो, कसे चालले ते सांगत नाही. ते यंत्राच्या अंगावर वाचावे लागते. त्यासाठी यंत्राचे आयुष्य खाणाऱ्या तीन गोष्टी ओळखल्या पाहिजेत: झीज, थकवा आणि धूळ.

झीज: खालून सुरुवात

साखळीवर चालणाऱ्या यंत्रात देखभालीचा मोठा खर्च खालच्या भागावर होतो. चेन, रोलर, आयडलर, स्प्रॉकेट हे सगळे लोखंडावर लोखंड घासत चालते. चेनचा प्रत्येक दुवा पिन आणि बुशने पुढच्या दुव्याला जोडलेला असतो. दुवा वळताना पिन बुशच्या आत फिरते आणि दोन्हींचे एकच अंग घासले जाते. प्रत्येक सांधा केसभर सैल झाला, तरी चाळीस-पंचेचाळीस सांधे मिळून अख्खी चेन लांबते. लांबलेली चेन स्प्रॉकेटच्या दातांवर नीट बसत नाही, आणि बोथट असलेले दात झिजून टोकदार होतात. जाणकार मेकॅनिक योग्य वेळी पिन-बुश अर्धा फेरा फिरवून बसवतो. न झिजलेली बाजू कामाला येते आणि चेनचे आयुष्य वाढते.

जमिनीचा फरक इथे सर्वांत जास्त दिसतो. आपला दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याच्या काही थरांत पोकळ्या आहेत आणि त्यांत गारगोटी भरलेली असते. खनिजांच्या कठीणपणाच्या दहा पायऱ्यांच्या मापावर गारगोटी सातव्या पायरीवर येते, म्हणजे साध्या पोलादाहून कठीण. अशा दगडात बकेटचे दात भराभर झिजतात. मुरमात तेच दात कितीतरी जास्त दिवस चालतात. काळी माती दगडासारखी घासत नाही, पण पावसाळ्यात ती चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये भरून घट्ट बसते. चेन नको इतकी ताणली जाते आणि सगळेच भाग जास्त जोराने एकमेकांवर दाबले जातात. म्हणून संध्याकाळी काम संपले की फावड्याने चेनमधला चिखल काढायचा. रात्री तो वाळून दगड झाला, तर सकाळी त्याची किंमत चेन मोजते.

थकवा: न दिसणारी भेग

तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण उलटसुलट वाकवत राहिली तर तुटते. बूम आणि आर्म, म्हणजे यंत्राच्या लांब हाताचे दोन भाग, यांचे तेच होते. बकेट भरताना भार येतो, रिकामी करताना उतरतो. मिनिटाला दोन-तीन फेऱ्या धरल्या, तर आठ हजार तासांत हा भार साधारण दहा ते चौदा लाख वेळा चढतो-उतरतो. धातूतला असा थकवा हिशेबात कसा धरायचा, याची एक रीत स्वीडनचे अभियंते अर्विद पामग्रेन यांनी १९२४ मध्ये मांडली: प्रत्येक भार आयुष्यातला थोडासा वाटा खर्च करतो, आणि मोठा भार कितीतरी मोठा वाटा खातो.

तो वाटा किती मोठा, हे एका उदाहरणाने पाहू. वेल्डच्या सांध्यांसाठी अभियंते साधारण घनाचा नियम धरतात. ताण वीस टक्क्यांनी वाढला, तर १.२ चा घन १.७३. म्हणजे जो सांधा शंभर दिवस टिकला असता, तो अठ्ठावन्न दिवसांत संपतो. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट केला, तर आयुष्य एक अष्टमांश होते. क्षमतेहून मोठी बकेट बसवणे, बकेट आपटून दगड फोडणे, बूम आडवी झटकून धोंडा ढकलणे यात त्या दिवशी वेळ वाचल्यासारखा वाटतो. तो यंत्राच्या पुढच्या वर्षांतून वजा झालेला असतो.

ब्रेकरचे काम यातले सर्वांत कडक. एकाच जागी पंधरा-वीस सेकंद मारूनही दगड फुटला नाही, तर चिझलची जागा बदलायची, आणि दगड नसताना हवेत ठोके पडू द्यायचे नाहीत. ब्रेकर लावलेल्या यंत्राचे हायड्रॉलिक ऑइल आणि फिल्टर खूप लवकर बदला, असे कंपन्यांची पुस्तकेच सांगतात, कारण त्या धक्क्यांनी ऑइल तापते आणि त्यात घाण वाढते.

धूळ: सर्वांत बारीक शत्रू

माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. चाळीस मायक्रॉनहून बारीक कण डोळ्याला दिसत नाही. हायड्रॉलिक पंपातल्या फटी मात्र त्याहून कितीतरी अरुंद, काही थोड्या मायक्रॉनच्या असतात. डोळ्याला स्वच्छ वाटणाऱ्या ऑइलमध्ये पंप खराब करणारे कण असू शकतात ते यामुळे. जिथे ऑइलची प्रयोगशाळेत तपासणी करतात, तिथे त्यात सिलिकॉन वाढले की धूळ आत शिरते आहे, आणि लोह वाढले की आतला भाग झिजतो आहे, असे यंत्र न उघडता कळते.

एअर फिल्टरबाबत एक चुकीची सवय सर्रास दिसते. तो काढून टायरवर आपटायचा किंवा जोरदार हवेने झाडायचा. त्याने आतला कागद फाटतो आणि धूळ थेट इंजिनात जाते. फिल्टर भरल्याची खूण दाखवली जाईल तेव्हाच तो काढावा आणि शक्यतो नवा घालावा.

पैशाचा हिशेब

यंत्र कधी विकावे, हेही तासांवरून ठरते. समजा, साठ लाखांचे यंत्र फक्त चार हजार तास वापरले. विक्रीचे पैसे बाजूला ठेवले, तर खरेदीचा भार तासाला पंधराशे रुपये पडतो. दहा हजार तास वापरले, तर सहाशेच. पण तास वाढतात तसा दुरुस्तीचा खर्चही चढतो. पहिला भार उतरत असतो, दुसरा चढत असतो, आणि दोन्हींची बेरीज जिथे सर्वांत कमी, तिथे यंत्राचे किफायतशीर आयुष्य संपते. दुरुस्तीची रेघ जितकी हळू चढेल, तितका हा टप्पा पुढे जातो. ती हळू चढवणे मालकाच्या आणि ऑपरेटरच्या हातात आहे.

त्या दोन यंत्रांकडे

आता पुन्हा रस्त्याकडेला जाऊ. यंत्र थंड असतानाच पाहायला जावे. आधी तापवून ठेवले असेल, तर सुरू व्हायला ते किती कुरकुरते ते कळत नाही. स्प्रॉकेटचे दात टोकदार झालेत का ते पाहावे. बकेट जमिनीवर टेकवून सांध्यांत किती खेळ आहे ते तपासावे. बूमच्या वेल्डवर नवा रंग किंवा जाड पट्टी असेल, तर खाली काय लपले आहे ते विचारावे. शेवटी सर्व्हिसची वही मागावी.

एकाने मुरमात प्लॉट सपाट केले असतील, दुसऱ्याने कातळात ब्रेकर चालवला असेल. पण कातळातल्या यंत्राच्या वहीत दर अडीचशे तासांच्या सर्व्हिसची नोंद सापडली आणि मुरमातल्याची वहीच नसली, तर मी कातळातलेच घेईन. कारण यंत्र निगेवर टिकते. बूम, आर्म आणि बकेटच्या सांध्यांतल्या पिन-बुशच्या डझन-दीड डझन जागी रोज सकाळी ग्रीस मारायला दहा मिनिटे लागतात. नवे ग्रीस जुने काळे ग्रीस बाहेर ढकलते आणि त्याबरोबर धूळही निघून जाते. कडेला स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत गन दाबत राहणाऱ्या हेल्परच्या हातात त्या साठ लाखांच्या यंत्राची पुढची वर्षे असतात. त्याची ती दहा मिनिटे मालकाने कामाच्या पगारी वेळेतच धरली पाहिजेत.