विहिरीचे पाणी आणि पुराव्याचे ओझे



अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात डिमॉक नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या मुलखात दूधधंदा चालतो, दगडाच्या खाणीही आहेत. नळाचे पाणी नाही. ज्याने त्याने आपल्या अंगणात विहीर पाडलेली. १ जानेवारी २००९ रोजी तिथल्या एका घराच्या विहिरीत स्फोट झाला आणि वरची काँक्रीटची लादी फुटली. पाण्याच्या विहिरीत ज्वालाग्राही वायू साठला होता. तो आला कोठून, हा आजचा विषय आहे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा जे मला समजले, ते आपणांस समजण्यास अडचण पडू नये.

त्या भागाखाली खोलवर मार्सेलस नावाचा शेल खडक आहे. शेल म्हणजे प्राचीन समुद्रतळाचा चिखल दडपून झालेला थरांचा दगड. त्याच्या बारीक छिद्रांत मिथेन वायू कोंडलेला असतो. साधे भोक पाडून तो बाहेर येत नाही. म्हणून एक-दोन किलोमीटर खोल नळ उतरवितात, तेथे तो आडवा वळवितात आणि त्यातून पाणी, वाळू व रसायने यांचे मिश्रण प्रचंड दाबाने सोडतात. खडकाला चिरा पडतात, वाळूचे कण त्या चिरा मिटू देत नाहीत आणि वायू वर येऊ लागतो. यालाच फ्रॅकिंग म्हणतात. एका विहिरीला कोटी-दीड कोटी लिटर आणि त्याहूनही अधिक पाणी लागते. त्यातले काही पाणी खारट व दूषित होऊन परत वर येते. त्याची विल्हेवाट हा आणखी एक प्रश्न.

आता कोणीही विचारील, की एवढ्या खोलीवरचा उद्योग पिण्याच्या पाण्यापर्यंत पोचतो कसा? हा नळ पाण्याच्या थरातूनच खाली गेलेला असतो. नळ आणि खडक यांमधील फट सिमेंटने बुजवितात. ती भरणी कच्ची राहिली, की वायू नळाच्या कडेने वर चढतो. म्हणजे दोष पुष्कळदा खडक फोडण्यात नसून गवंडीकामात असतो. ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या प्रदेशातील १४१ घरगुती विहिरींचे पाणी तपासून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वायुविहिरीपासून एक किलोमीटरच्या आतील पाण्यात मिथेनचे प्रमाण सरासरी सहापट भरले.

प्रकृतीवरील परिणामांचेही तसेच. पेनसिल्व्हेनियातील अकरा लाखांहून अधिक जन्मांच्या नोंदी अभ्यासून २०१७ साली असे दाखविण्यात आले, की अशा विहिरीपासून एक किलोमीटरच्या आत कमी वजनाचे मूल जन्मण्याची शक्यता २५ टक्क्यांनी वाढते. २०२३ साली पिट्सबर्ग विद्यापीठाच्या अभ्यासांत विहिरींच्या जवळ राहणाऱ्या दमेकऱ्यांचा त्रास बळावल्याचे आणि मुलांमध्ये लिंफोमा या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे आढळले. रक्ताच्या कर्करोगाबाबत मात्र मतभेद आहे. येल विद्यापीठाच्या २०२२ च्या अभ्यासात संबंध दिसला, पिट्सबर्गच्या अभ्यासात दिसला नाही. जे ठरले नाही ते ठरले म्हणून सांगणे म्हणजे विरोधकाच्या हाती काठी देणे होय.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या राज्यात जमिनीखालच्या वायूचा हक्क ज्याचा, त्याला उत्पन्नाचा किमान अष्टमांश द्यावा असा कायदा आहे. कर्जात बुडालेल्या कित्येक शेतकऱ्यांना त्याने हात दिला. रोजगारही आला. पण त्या रोजगाराचे स्वरूप पाहा. मिश्रणात घालावयाची वाळू ओतताना सिलिकाची धूळ उडते. अमेरिकन सरकारच्या कामगार-आरोग्य संस्थेने पाच राज्यांतील ११ ठिकाणी कामगारांच्या श्वासाच्या हवेचे ११६ नमुने घेतले. त्यांपैकी ७९ टक्के नमुन्यांत शिफारस केलेल्या मर्यादेपेक्षा अधिक धूळ निघाली. २०१२ साली सरकारला इशारा काढावा लागला.

ही धूळ माझ्या ओळखीची आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत खडी फोडणाऱ्या एका मजुराची विधवा आली. नवऱ्याची फुप्फुसे दगडाच्या धुळीने गेली होती. मालक म्हणाला, ‘तो आला तेव्हाच त्याची छाती खराब होती.’ कामावर घेताना छातीचा फोटो काढलेलाच नव्हता. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात, यादीतील रोगांपुरते, कारण खोडून काढण्याचे ओझे मालकावर टाकलेले होते; पण त्यासाठी नोकरीची मुदत दाखवावी लागे. बाई म्हणे नऊ वर्षे, मस्टर म्हणे तीन महिने. मस्टर मालकाच्या कपाटात. आम्ही हरलो.

डिमॉकमध्ये हाच वाद पाण्याचा झाला. कंपनीचे म्हणणे असे, की येथील जमिनीत मिथेन पूर्वीपासूनच आहे. हे अगदीच खोटे नव्हते. त्या भागातील काही विहिरींत तो निसर्गतःच सापडतो. पण अमुक विहिरीत आधी किती होता, हे कोण सांगणार? पाणी आधी तपासून ठेवलेलेच नव्हते. २०१० साली राज्याने गावाभोवती नव्या विहिरी पाडण्यास बंदी घातली. २०२० साली कंपनीवर फौजदारी आरोप ठेवले गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिने एका आरोपाला आव्हान न देता शिक्षा पत्करली आणि गावाला नळयोजनेसाठी सुमारे १ कोटी ६३ लाख डॉलर व ७५ वर्षांचे पाणीबिल देण्याचे मान्य केले. स्फोटापासून जवळजवळ चौदा वर्षे!

मधल्या काळात, २०१२ साली, राज्याने एक शहाणपणाची दुरुस्ती केली. वायुविहिरीपासून अडीच हजार फुटांच्या आत आणि काम झाल्यापासून बारा महिन्यांत पाणी बिघडले, तर दोष कंपनीचा धरावयाचा. तो नाही हे तिने सिद्ध करावे. आधीपासूनच पाणी खराब होते असे म्हणावयाचे, तर काम सुरू करण्यापूर्वी स्वतंत्र प्रयोगशाळेकडून ते तपासून घेतलेले असावे आणि अहवालाची प्रत घरमालकाला व सरकारला दिलेली असावी. हे तत्त्व पूर्वीही होते. अंतर आणि मुदत वाढविली. ओझे खांद्यावर येताच कंपन्यांना तपासणीची निकड वाटू लागली.

माझे सांगणे एवढेच आहे. आपल्या शिवारात खाण येवो, कारखाना येवो, की आणखी काही. पहिले खोरे पडण्यापूर्वी विहिरीचे पाणी तपासून घ्या, तारीख घाला, आणि एक प्रत घरातल्या ट्रंकेत ठेवा. कामावर लागणाऱ्या पोराच्या छातीचा फोटोही तसाच ठेवा. ती बाई पुन्हा आली नाही. पण तिच्या नवऱ्याच्या छातीचा एक जुना फोटो जरी आमच्यापाशी असता, तरी ‘तो आला तेव्हाच छाती खराब होती’ हे वाक्य मालकाला इतक्या सहजपणे उच्चारता आले नसते.