मालवणची सुट्टी, पांढरं प्रवाळ आणि प्रपोजलमधले दोन शब्द

पेट किंवा नेट-सेटची तयारी करणारे विद्यार्थी मला सगळ्यात जास्त वेळा एकच गोष्ट विचारतात: "ताई, पीएच.डी.ला विषय सुचतो कसा?" खरं सांगू का, विषय सुचणं फार अवघड नसतं. सुट्टीत फिरायला गेलात तरी दोन-तीन विषय सुचतात. अवघड असतं ते सुचलेल्या विषयातून तपासता येईल असा प्रश्न काढणं. माझं पहिलं प्रपोजल इथेच फसलं होतं. आज त्याचीच गोष्ट सांगते, म्हणजे तुमचे काही महिने वाचतील.

सुट्टी

काही वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये शिरूरचे मामा-मामी, त्यांची दोन मुलं आणि आम्ही दौंडचे चौघं टेम्पो ट्रॅव्हलर करून मालवणला गेलो. रात्री निघालो, कोल्हापुरात नाश्ता केला आणि फोंडा घाट उतरून दुपारी तारकर्लीला पोचलो. तीन दिवस काहीच करायचं नाही, एवढंच ठरलं होतं. सुरमईचं ताट, सोलकढी आणि संध्याकाळी वाळूत पाय पसरून बसणं. कॅरिबियन बेटांवरच्या सुट्टीचे व्हिडिओ आपण मोबाईलवर बघतो ना, निळं पाणी, तोंडावर मास्क, छोट्या विमानातून खाली दिसणारं बेट, तसलीच सुट्टी. फक्त आमच्या खिशाला परवडेल अशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नॉर्केलिंग. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकाळ भागात होडी थांबली. मास्क लावला, नळी तोंडात धरली आणि डोकं पाण्यात घातलं. मी पोहायला शिकले ती विहिरीत, त्यामुळे पाण्याखाली एवढं काही दिसतं हेच नवीन होतं. माशांचे थवे होते, घुमटासारखे वाढलेले प्रवाळ होते, आणि त्यातल्या काहींवर पांढरेफटक डाग होते. त्याच वेळी शेजारच्या होडीतून नांगर खाली आला. एक पर्यटक दम लागला म्हणून सरळ प्रवाळावर उभा राहिला. दुपारी पॅरासेलिंग केलं तेव्हा वरून त्याच जागी होड्यांची गर्दी दिसली.

डोक्यात गोष्ट पूर्ण तयार झाली: होड्या आल्या, पर्यटक आले, प्रवाळ मेलं. घरी आल्यावर आठ दिवसांत प्रपोजल लिहिलं. शीर्षक होतं, 'मालवणमधील जलपर्यटनामुळे प्रवाळांचा झालेला ऱ्हास'.

मॅडमनी प्रपोजल वाचलं आणि शीर्षकातल्या दोनच शब्दांभोवती पेनने गोल केले: 'मुळे' आणि 'झालेला'. म्हणाल्या, "या दोन शब्दांचा पुरावा कुठाय?"

तो नव्हता. पुढचं सगळं त्या दोन गोलांबद्दल आहे.

'झालेला': म्हणजे आधी काय होतं?

आधी पांढऱ्या डागांचं बघू. पांढरं म्हणजे मेलेलं, असं मी धरून चालले होते. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशावर अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. प्रवाळाचा रंगही बराचसा त्या शैवालाचा असतो. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा साधारण १ अंश सेल्सियसने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की हे शैवाल बाहेर टाकलं जातं आणि आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. याला विरंजन म्हणतात. या अवस्थेत प्रवाळ जिवंत असतं, पण उपाशी असतं. पाणी वेळेत थंड झालं तर ते सावरतं, नाही झालं तर मरतं. मेलं की थोड्याच दिवसांत त्यावर दुसरं शैवाल चढतं आणि ते मळकट हिरवं-तपकिरी दिसायला लागतं.

म्हणजे मी ज्याला मेलेलं समजले ते कदाचित जिवंत होतं, आणि ज्याला साधा दगड समजून पुढे गेले ते कदाचित मेलेलं प्रवाळ होतं.

दुसरी अडचण याहून मोठी. ऱ्हास म्हणजे कमी होणं. कमी झालं म्हणायचं तर आधी किती होतं ते माहीत पाहिजे. मी मालवणचा समुद्र आयुष्यात एकदा, तोही जेमतेम अर्धा तास पाहिला होता. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. तेव्हापासूनच्या नोंदी, जुने सर्वेक्षण अहवाल, प्रसिद्ध झालेले शोधनिबंध, यातलं मी काहीच उघडलं नव्हतं. मालवणमध्ये डायव्हिंगमुळे प्रवाळांना होणाऱ्या इजेवर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांचा निबंध २०२० साली आला आहे, हेसुद्धा मॅडमनी सांगितल्यावर कळलं. साहित्याचा आढावा आधी का घ्यायचा, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. मला 'नवीन' वाटलेला विषय आधीच कुणीतरी पाण्यात उतरून मोजला होता.

'मुळे': कारण एकच असतं का?

आता दुसरा गोल. यासाठी खऱ्या कॅरिबियनला जाऊ, जमैकाला. तिथे १९७० च्या दशकाच्या शेवटी प्रवाळाचं आच्छादन ५० टक्क्यांहून जास्त होतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते ५ टक्क्यांच्या खाली आलं. टेरी ह्यूज यांचा यावरचा निबंध १९९४ साली 'सायन्स'मध्ये आला. पर्यटकांचं बेट म्हटल्यावर आपण लगेच पर्यटकांकडे बोट दाखवू. पण तिथली गुंतागुंत बघा. शैवाल खाणारे मासे वर्षानुवर्षं अति मासेमारीने कमी झाले होते. १९८० मध्ये ॲलन चक्रीवादळाने प्रवाळ मोडलं. तरीही शैवाल आवाक्यात राहिलं, कारण माशांचं काम काळे, लांब काट्यांचे समुद्री साळू करत होते. १९८३-८४ मध्ये रोगाने ते साळूच मोठ्या प्रमाणात मेले आणि शैवालाने प्रवाळ झाकून टाकलं. मासे भरपूर असते तर साळूंच्या मरणाचा एवढा फटका कदाचित बसला नसता. यातलं एकच कारण उचलून शीर्षकात 'मुळे' लिहिलं असतं तर ते अर्धसत्य झालं असतं.

आमच्या मामांनीही एक कारण सुचवलं होतं. परतीच्या वाटेवर म्हणाले, "अगं, आपण उसाला एवढी खतं टाकतो, ती नदीतून समुद्रात जातात. त्यानेच मरत असेल ते." मला ते एकदम पटलं. खतांमुळे किनाऱ्याजवळ शैवाल वाढतं हे खरंच आहे. प्रपोजलमध्ये मी तसा परिच्छेदही घातला. पण शिरूरची घोड नदी मिळते भीमेला, दौंडवरून जाणारी भीमा जाते उजनीत, पुढे कृष्णेला मिळते, आणि कृष्णा जाते बंगालच्या उपसागराला. आपल्या शेतातलं पाणी मालवणला जातच नाही! मधे सह्याद्री उभा आहे. मालवणच्या समुद्रात येतात त्या कोकणातल्या कर्ली, गड अशा छोट्या नद्या.

मामांचा अंदाज चुकीचा होता म्हणून तो वाईट नव्हता. उलट तो चांगला होता, कारण नकाशा उघडून पाच मिनिटांत तपासता आला. चूक माझी, मी तो न तपासता लिहिला. कुठलंही कारण लिहिताना स्वतःला विचारा: हे इथून तिथे पोचतं कसं?

तुलना कशाशी?

मग 'मुळे' सिद्ध करायचं कसं? मी म्हटलं, सोपं आहे. एक पर्यटनाची जागा घेऊ, एक बिनपर्यटनाची, दोन्हीकडे शंभर-शंभर फोटो काढू. एकूण नमुने दोनशे.

इथे आपल्या शिवारातलं उदाहरण घ्या. दौंडमध्ये दोन शेतकरी आहेत. एकाने नवीन खत वापरलं, दुसऱ्याने नाही. प्रत्येकाच्या शेतातले शंभर ऊस मोजले आणि पहिल्याचे जाड निघाले. खत चांगलं? पण पहिल्याचं रान कालव्याला लागून असेल तर? त्याची माती काळी आणि दुसऱ्याची मुरमाड असेल तर? तुम्ही शंभर काय, हजार ऊस मोजा. खताच्या दृष्टीने तुमच्याकडे रानं दोनच आहेत, एक खताचं आणि एक बिनखताचं. नमुना एक-एकच. या चुकीला छद्म-पुनरावृत्ती म्हणतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली ती नाव देऊन मांडली, आणि आजही व्हायवामध्ये याच प्रश्नावर भलेभले अडकतात.

तेव्हा जागा अनेक पाहिजेत: होड्या थांबतात अशा काही आणि थांबत नाहीत अशा काही; पण खोली, खडक आणि लाटांचा मारा शक्य तितका सारखा. शक्य असेल तर पर्यटनाचा हंगाम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर, दोन्ही वेळा मोजणी. पावसाळ्यात तिथलं जलपर्यटन बंद असतं, त्यामुळे ही 'आधी' आणि 'नंतर'ची संधी आयती मिळते. आणि अभयारण्यात संशोधन म्हणजे वनविभागाची परवानगी आधी. सगळं खडकाळ प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, एक तुकडाही उचलता येत नाही.

मोजायचं कसं, तेही आधी ठरवावं लागतं. तळाच्या फोटोंवर यादृच्छिक बिंदू टाकतात आणि किती बिंदू जिवंत प्रवाळावर पडले ते मोजतात. समजा १०० बिंदूंपैकी २० प्रवाळावर पडले, तर आच्छादन २० टक्के. पण ही 'वीस' काही पक्की वीस नाही. साध्या सूत्राने प्रमाण-त्रुटी येते ४ टक्के, म्हणजे खरा आकडा साधारण १२ ते २८ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. पुढच्या वर्षी १६ आले म्हणून 'ऱ्हास झाला' असं ओरडायचं नाही.

आणखी एक. पाण्यातून जवळचं दिसतं आणि वरून लांबचं, पण दोन्ही अपुरं आहे. उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान रोज मिळतं, विरंजनाचा धोका कुठे वाढतोय तेही कळतं. पण एखाद्या प्रवाळावर बुटाचा ओरखडा आहे की नाही, हे उपग्रहाला कधीच दिसणार नाही. त्यासाठी मास्क लावून पाण्यात उतरावंच लागतं.

या सगळ्यानंतर माझा प्रश्न असा उरला: 'होड्या नांगरतात त्या आणि नांगरत नाहीत त्या, पण बाकी सारख्या असलेल्या जागांवर, मोडलेल्या प्रवाळांचं प्रमाण वेगळं आहे का?' शीर्षक छोटं झालं, रुबाब गेला, पण आता हे तपासता येतं. उत्तर 'नाही' आलं तरी ते उत्तरच आहे.

एवढी काटेकोरी कशाला?

कारण आपल्या वाक्याची किंमत दुसरं कुणीतरी मोजतं. ज्या होडीवाल्याने माझा हात धरून मला प्रवाळ दाखवलं, त्याचं घर त्या होडीवर चालतं. मी पुराव्याशिवाय 'पर्यटनामुळे' लिहिलं आणि कुणी त्यावर बंदी आणली, पण खरं कारण तापलेलं पाणी असेल, तर त्याचा धंदाही जाईल आणि प्रवाळही. उलट कारण खरोखर नांगर आणि पाय असतील, तर उपाय स्थानिक आणि आवाक्यातला आहे. कॅरिबियनमधल्या बोनेर बेटावर १९७९ साली सागरी उद्यान झालं. तिथे नांगर टाकायला बंदी आहे, होड्या बांधायला कायमचे बोये आहेत, आणि डायव्हरला आधी नियम समजून घ्यावे लागतात. कारण नीट कळलं तर पर्यटनही राहतं.

मी शेवटी मालवणवर काम केलं नाही. वर्षातून अनेकदा तिकडे जाणं मला परवडणारं नव्हतं, आणि मोजणी पुन्हा पुन्हा करायची तर जागा घराजवळ हवी. दौंडच्या खानोट्यापासून भिगवणपर्यंत उजनीचं पाणी पसरलंय. हिवाळ्यात तिथे रोहित येतात आणि मच्छीमारांच्या होड्या पर्यटकांना घेऊन जातात. फोटोसाठी पर्यटकांना थवा उडालेला हवा असतो. पक्ष्यांसाठी मात्र तेवढा वेळ खाणं बंद आणि ताकद खर्च. माझा प्रश्न एवढाच आहे: होडी किती अंतरावर आली की पक्षी उडतात, आणि इंजिन बंद करून गेल्यास ते अंतर कमी होतं का? अजून मोजणी चालू आहे, त्यामुळे शीर्षकात 'मुळे' नाही.

गंमत म्हणजे गावातल्या लहान मुलांना वाटतं, रोहित इथे कायमचेच येतात. पण उजनी धरण पूर्ण झालं १९८० साली. त्याआधी इथे हा जलाशयच नव्हता, शेतं आणि गावं होती. 'आधी काय होतं' हा प्रश्न मालवणला जितका लागू, तितकाच आपल्या दारातही.

तेव्हा पुढच्या सुट्टीत खुशाल फिरा, पाण्यात डोकं घाला, विषय सुचू द्या. घरी आल्यावर शीर्षक लिहा आणि त्यातल्या 'मुळे'ला आणि 'झालेला'ला स्वतःच गोल करा. मॅडमचं पेन लागायच्या आधी.