मानेतील फाटलेले अस्तर

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा आरे-वारेचा रस्ता आपल्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचा आहे. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि वळणावर थांबून लाटा न्याहाळणारी माणसे. या वळणावर आपण एक प्रसंग कल्पू. वैशाखातले ऊन आहे. चाळिशीतला एक धडधाकट बागायतदार कुटुंबासह तेथे उतरतो आणि एकाएकी त्याला भोवंड येते. तोल डावीकडे जातो, जीभ जड होते. बरोबरची मंडळी म्हणतात, ऊन लागले. कोणी प्रेमाने शहाळे फोडून त्याच्या तोंडाला लावते. तीन दिवसांपूर्वी झेल्याने आंबे उतरविताना तो दिवसभर मान मागे टाकून उभा होता आणि तेव्हापासून त्याच्या मानेत डावीकडे कळ येत होती, ही गोष्ट मात्र कोणासच आठवत नाही. आमच्या या विवेचनाचा सारा भर त्या विसरलेल्या कळेवर आहे.

अर्धांगवायू हा म्हाताऱ्यांचा रोग, अशी आपली समजूत असते. ती सर्वस्वी खरी नाही. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या चार मोठ्या रोहिण्या, म्हणजे धमन्या, मानेतून वर चढतात. दोन पुढच्या बाजूस असतात. त्यांचे ठोके गळ्याशी बोटांना लागतात. दोन मागच्या बाजूस मणक्यांच्या छिद्रांतून जातात आणि कवटीत शिरण्यापूर्वी पहिल्या मणक्याभोवती वळसा घेतात. मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरांना सुश्रुताने 'मातृका' म्हणून मर्मांत गणले, ते उगाच नव्हे.

रोहिणीची भिंत तीन थरांची असते. कोकणातल्या मातीच्या भिंतीत पावसाचे पाणी शिरले की गिलावा फुगून सुटतो, हे आपण पाहिलेले आहे. तसेच येथे होते. आतल्या अस्तराला चीर पडते वा भिंतीतच रक्तस्राव होतो. रक्त थरांमध्ये साचते, भिंत आत फुगते आणि वाट अरुंद होते. त्या जागी गुठळ्या धरतात आणि एखादी सुटून मेंदूत जाऊन अडकते. बाहेर ना जखम, ना रक्ताचा थेंब! रक्तपुरवठा तुटून होणाऱ्या सर्व पक्षाघातांत या कारणाचा वाटा शंभरांत सुमारे २ इतकाच आहे. परंतु पन्नाशीच्या आतल्या रुग्णांत तो १० ते २५ पर्यंत जातो.

कारण पुष्कळदा क्षुल्लक असते: वाहनाचा हिसका, जोराचा खोकला, केस कापून झाल्यावर कडकन मोडून घेतलेली मान. कित्येकदा कारण सापडतही नाही. काहींच्या रोहिण्यांची भिंत जन्मतःच दुबळी असते.

मग हे ओळखावे कसे? पहिले साधन यंत्र नव्हे, प्रश्न होय: गेल्या काही दिवसांत मान किंवा डोके एका बाजूने, पूर्वी कधी नव्हते तसे, दुखले काय? दुसरे साधन डोळा. पुढच्या रोहिणीच्या भिंतीवरून काही सूक्ष्म मज्जातंतू डोळ्याकडे जातात. भिंत फुगली की ते दबतात. त्या बाजूची पापणी किंचित उतरते आणि बाहुली लहान होते. स्विस नेत्रवैद्य हॉर्नर यांनी हे लक्षण १८६९ साली वर्णिले. कोणाला कानात नाडीच्या ठोक्यागणिक घूं घूं ऐकू येते.

त्यानंतर यंत्रे. प्रथम सी.टी. स्कॅनने मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे पाहतात. पण केवळ डोक्याचे चित्र काढून थांबल्यास मानेतील चीर दिसणार नाही. शिरेतून रंगद्रव्य सोडून छातीपासून डोक्यापर्यंतच्या रोहिण्यांचे चित्र घ्यावे लागते. एम.आर.आय.च्या एका विशेष पद्धतीत भिंतीत साचलेले रक्त चंद्रकोरीसारखे उजळ दिसते. मात्र पहिले एकदोन दिवस ही कोर अंधूक असू शकते. ध्वनिलहरींची डॉप्लर तपासणी सोपी खरी, पण मणक्यांआडची आणि कवटीखालची चीर तिला चुकते. म्हणून डॉप्लर निर्दोष आली एवढ्यावर निश्चिंत राहू नये. बॉस्टनचे मिलर फिशर व त्यांचे सहकारी यांनी १९७८ साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले, तेव्हा रोहिणीत नळी घालूनच चित्र घ्यावे लागे. आज तेवढे संकट बहुधा लागत नाही.

निदान झाले म्हणजे आशा पुष्कळ असते. गुठळी विरघळविणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावयाचे असते, आणि मानेतील चीर ही त्याला सहसा आडकाठी नसते. पुढे रक्त गोठू न देणारी औषधे काही महिने चालतात. पुष्कळांची भिंत तीन ते सहा महिन्यांत आपोआप सांधते.

तेव्हा आरे-वारेच्या त्या वळणावर काय करावे? शहाळे बाजूस ठेवावे. गिळण्याची शक्ती गेली असेल तर ते पाणी श्वासनलिकेत जाते. मान चोळू नये. लक्षणे कितीला सुरू झाली ती वेळ टिपावी, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सी.टी.ची सोय असलेले जवळचे रुग्णालय गाठावे. प्रत्येक मानदुखीने घाबरून जावे, असे आमचे म्हणणे नाही. बहुतेक माना स्नायू आखडल्यानेच दुखतात. पण मान दुखण्याच्या जोडीला भोवंड, उतरलेली पापणी, वाकडे तोंड किंवा अडखळती वाचा आली, तर ते दुखणे निराळे. रुग्णाला बोलता येत नसेल, तर त्या तीन दिवसांपूर्वीच्या कळेची हकीकत डॉक्टरांना सांगणार कोण? घरचेच माणूस. ते एक वाक्य आठवणीने सांगितले, तर यंत्र योग्य जागी रोखले जाईल.