लुई सलिव्हन याचें सूत्र: मूळ पाठ आणि इमारतींची साक्ष

१. विषयोपन्यास

आधुनिक वास्तुविद्येच्या ग्रंथांतून एक सूत्र वारंवार उद्धृत केलेलें आढळतें. त्याचा आशय असा कीं, वस्तूचें रूप तिच्या कार्याला अनुसरतें. अमेरिकन स्थपति लुई हेन्री सलिव्हन हा या सूत्राचा कर्ता होय. सूत्राचा रूढ अर्थ मात्र याहून पुष्कळ पुढें जातो. उपयोगाला लागेल तेवढेंच बांधावें, नक्षी व वेलबुट्टी त्याज्य समजावी, असा निर्णय त्यांतून काढण्यांत येतो. परंतु सलिव्हनच्या स्वतःच्या इमारती पाहूं जातां त्यांवर पानाफुलांची इतकी दाट नक्षी दिसते कीं, सूत्र आणि सूत्रकार यांचा मेळच बसत नाहीं. जुन्या पोथ्या हाताळणाऱ्या वाचकांस असा प्रसंग अपरिचित नाहीं. वचन एक सांगतें आणि कर्त्याची कृति दुसरें सांगते, तेव्हां प्रथम वचनाचा पाठ तपासावा, मग संदर्भ पाहावा, आणि शेवटीं कृतीशीं ताडून अर्थ ठरवावा, हा मार्ग सर्वमान्य आहे. त्याच मार्गानें येथें विचार केला आहे.

२. पूर्ववृत्त

सलिव्हनचा जन्म ३ सप्टेंबर १८५६ रोजीं बोस्टन शहरीं झाला. त्याचा बाप आयर्लंडहून आलेला नृत्यशिक्षक असून आई मूळची जिनीव्हाची होती. बालपणाचा बराच काळ आजोबांच्या शेतावर गेला, आणि तेथील झाडें, ओढे व ऋतु यांचा त्याच्या मनावर जो संस्कार झाला तो पुढें त्याच्या लेखनांत पदोपदीं दिसतो. १८७२ सालीं, सोळाव्या वर्षीं, तो मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशिक्षणसंस्थेंत दाखल झाला. परंतु एका वर्षांतच ती सोडून फिलाडेल्फियास फ्रँक फर्नेस या स्थपतीच्या हाताखालीं राहिला. १८७३ च्या आर्थिक अरिष्टांत ती नोकरी गेली व तो शिकागोस आला. १८७१ च्या आगीनें बेचिराख झालेलें तें शहर त्या वेळीं नव्यानें उभारलें जात होतें. तेथें विल्यम जेनी याच्या कचेरींत कांहीं महिने काढून १८७४ सालीं तो पॅरिसच्या कलाविद्यालयांत गेला आणि पुढील वर्षीं शिकागोस परतला.

१८८३ सालीं डांकमार आडलर याच्याशीं त्याची भागीदारी झाली. आडलर स्थापत्याच्या गणितांत व ध्वनिशास्त्रांत निष्णात; रूपकल्पना सलिव्हनची. या जोडीची पहिली मोठी कीर्ति म्हणजे १८८९ सालीं पुरें झालेलें शिकागोचें 'ऑडिटोरियम'. चार हजारांवर प्रेक्षकांचें नाट्यगृह, हॉटेल व कचेऱ्या एकाच वास्तूंत सामावणारी ही इमारत होती. फ्रँक लॉइड राइट हा पुढें जगप्रसिद्ध झालेला स्थपति १८८८ पासून १८९३ पर्यंत याच कचेरींत काम करीत होता.

३. सूत्राचा पाठ व संदर्भ

सदर सूत्र १८९६ च्या मार्च महिन्यांत 'लिपिनकॉट्स' मासिकांत प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत येतें. निबंधाचा विषय उंच कचेरी-इमारतींचें कलादृष्ट्या विवेचन हा आहे. पोलादी सांगाडा व लिफ्ट यांच्या योगानें दहा-पंधरा मजले चढविणें शक्य झालें होतें. परंतु अशा इमारतीला शोभेल असें रूप कोणालाच गवसलें नव्हतें. सलिव्हन प्रथम गरजा मांडतो: खालीं दुकानें, त्यांवर सहज चढून जातां येईल असा मजला, मग एकसारख्या कचेऱ्यांच्या ओळी, आणि माथ्यावर यंत्रें व टाक्या यांचा मजला. यांतून इमारतीचे तीन भाग पडतात. ते स्तंभाच्या तळखडा, दांडा व शिर यांच्या अनुकरणानें पडतात असें म्हणणाऱ्यांचा पक्ष तो नाकारतो. कार्यभेदानें पडतात म्हणून ते तीन. यानंतर पक्षी, वृक्ष, प्रवाह, मेघ यांचे दाखले देऊन तो सूत्र सांगतो.

येथें दोन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या आहेत. पहिली पाठाची. मूळ वाक्यांत 'सदैव' या अर्थाचा एक शब्द आहे. प्रचलित पाठांत तो गळाला आहे. दुसरी व्याप्तीची. सजीव-निर्जीव, भौतिक व त्यापलीकडील अशा यच्चयावत् पदार्थांना हा नियम लागू असल्याचें तो सांगतो. म्हणजे सूत्र हें सृष्टींत सर्वत्र दिसणाऱ्या वस्तुस्थितीचें कथन आहे. 'सदैव' गळतांच तें आज्ञेसारखें वाटूं लागलें. मीमांसकांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर सिद्धवचनाचा विधि झाला, आणि त्या विधींतून मुळांत नसलेला अलंकरणाचा निषेध काढण्यांत आला. शब्द एकच गळाला, पण वाक्याची जातच पालटली. उंच इमारतीचें मुख्य लक्षण उत्तुंगपणा, तो पाहणाऱ्याच्या अंतःकरणास जाणवला पाहिजे, हेंही त्याच निबंधांत प्रतिपादिलें आहे. 'कार्य' म्हणजे केवळ उपयोग नव्हे, हें यावरून उघड होतें.

यावर एक आक्षेप संभवतो. १८९२ च्या दुसऱ्या एका निबंधांत सलिव्हननेंच कांहीं वर्षें अलंकरण वर्ज्य करणें हितावह होईल असें म्हटलें आहे. परंतु तें पथ्य आहे, सिद्धान्त नव्हे. त्याच निबंधांत पुढें, अलंकरण वरून चिकटविल्यासारखें न वाटतां द्रव्याच्या अंगांतून उमललेलें वाटावें, असें त्याचें मत आलें आहे.

४. इमारतींची साक्ष

सेंट लुई येथील वेनराइट इमारत (१८९०-९१) दहा मजल्यांची आहे. खालचे दोन मजले सोडले कीं विटांचे उभे खांब अखंड वर जातात आणि दृष्टीलाही वर नेतात. हे सर्व खांब सारखे दिसतात. परंतु त्यांपैकीं एकाआड एक खांबांतच पोलाद आहे, उरलेले भार वाहण्यासाठीं नाहींत. केवळ उपयोग हेंच प्रमाण असतें तर निम्मे खांब अनावश्यक ठरते. खिडक्यांखालील भाजलेल्या मातीच्या फलकांवर नक्षी आहे, आणि ती मजल्यागणिक बदलते.

बफेलो येथील तेरा मजली गॅरंटी इमारतींत (१८९६) ही नक्षी बाह्यांगभर पसरली आहे. शिकागोच्या 'श्लेसिंगर आणि मेयर' दुकानाची इमारत (१८९९-१९०४) सर्वांत बोलकी आहे. तिचे वरचे मजले रुंद खिडक्यांचे व जवळजवळ साधे; पण खालच्या दोन मजल्यांवर बिडाच्या ओतीव वेलींची जाळी आहे. रस्त्यानें जाणाऱ्याची नजर जेथें पडावयाची आणि माल जेथें मांडावयाचा, तेथेंच शोभा. येथें अलंकरणही कार्याला अनुसरून आलें आहे.

५. उत्तरायुष्य

१८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनांत बहुतेक मुख्य मंडप पांढरे, ग्रीक-रोमन वळणाचे होते. सलिव्हनचा वाहतूक-मंडप तेवढा रंगीत व सोनेरी कमानीचा. पुढें लोकरुचि पांढऱ्या मंडपांच्या बाजूनें गेली. १८९५ सालीं आडलर वेगळा झाला आणि मोठीं कामें येईनाशीं झालीं. १९०९ सालीं सलिव्हनला आपला ग्रंथसंग्रह व घरांतील चीजवस्तु लिलावांत विकावी लागली. तथापि ओवाटोना (१९०८), ग्रिनेल (१९१४) अशा लहान गांवांत त्यानें बांधलेल्या पेढ्या रूपानें अप्रतिम आहेत. आयुष्याच्या अखेरीस त्यानें अलंकरणपद्धतीवर वीस चित्रफलक काढले. ज्याला नक्षीचा शत्रु ठरविलें त्याची ही शेवटची कृति! १४ एप्रिल १९२४ रोजीं शिकागोच्या एका हॉटेलच्या खोलींत तो वारला. अमेरिकन स्थपतींच्या संस्थेनें आपलें सुवर्णपदक त्याला दिलें तें १९४४ सालीं.

६. साधनांचा नाश

सूत्राचा विपर्यास झाला तरी निबंध छापलेला आहे. शंका येईल त्यानें तो काढून पाहावा. इमारतींचें तसें नाहीं. शिकागोचें गॅरिक नाट्यगृह १९६१ सालीं पाडलें गेलें व त्या जागीं मोटारी ठेवण्याची इमारत झाली. १९७२ सालीं तेथील शेअरबाजाराची इमारत पाडली जात असतां, रिचर्ड निकेल हा छायाचित्रकार तींतील नक्षीचे तुकडे वाचवीत होता. तो ढिगाऱ्याखालीं सांपडून मेला. त्या इमारतीची कमान व सौद्याचें दालन शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटनें राखलें, आणि निकेलचा छायाचित्रसंग्रहही तेथील ग्रंथालयांत आहे. २००६ सालीं पिल्ग्रिम बॅप्टिस्ट चर्च आगींत भस्मसात् झालें.

पोथीची एक प्रत गेली तर दुसरी कोठें तरी सांपडण्याची आशा असते. इमारतीची प्रत एकच असते, आणि वरील विवेचनांत अर्थनिर्णय तिच्याच साक्षीनें झाला. वेनराइटचे खांब आज उभे नसते तर गळालेल्या एका शब्दाचा हा वाद केवळ कागदावरचा राहिला असता. म्हणून पडक्या वास्तूंचे नकाशे, जुनीं छायाचित्रें, लिलावाच्या याद्या ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्या मूळ ग्रंथांइतक्याच जपाव्या. सूत्रें तोंडोतोंडीं पसरतात. त्यांचा खरा अर्थ सांगणारीं साधनें मात्र कोणी तरी राखावीं लागतात.